हाक माझी नव्हती

९ फेब्रुवारी, रविवार

आणि वर सोनम मलाच म्हणती, तू आबांना फूस लावतोस. मी कशाला लावीन फूस? मी इथं सेलमला, गावापासनं हजार किलोमीटरवर, जुन्या पैंजणांची चांदी वितळवत बसलोय. दिवाळीपासनं आमचं हेच चाललंय. बहीण सांगलीला नर्सिंग शिकती म्हणून तिला सगळं कळतं, आणि मी आठवीतनं शाळा सोडली म्हणून मला काही कळत नाही. बरं, नसंल कळत. पण मायाप्पाला तिच्या आधी मी सांभाळलाय.

हे सगळं फोनवर बोलायला जमत नाही. मी तावातावानं बोलायला लागलो की ती म्हणती, नाकात बोलू नको, नीट कळत नाही. म्हणून इथं लिहितो. एका सराफानं दुकानाला दिलेली डायरी आहे. शेठकडं तसल्या चार आल्या, त्यातली एक मला दिली.

भांडणाचं कारण एवढंच. आमचा धाकटा भाऊ मायाप्पा आता एकोणीस वर्षांचा आहे. दसऱ्यापासनं त्याला हाका ऐकू येतात. घरात कुणी नसताना मान वर करून ऐकतो, हसतो, कधी घाबरून उठतो आणि अंगणात जाऊन उभा राहतो. गावातल्या बिरोबाचं पुजारीपण आमच्या चुलत्यांकडं, तानाजी तात्यांकडं आहे. ते म्हणाले, ह्याला देव बोलावतोय. सोनम म्हणली, देव नाही, आजार आहे, आणि त्याला सांगलीला मोठ्या मॅडमकडं घेऊन गेली. त्यांनी रक्त कुठं लांब तपासायला पाठवलं. दीड महिन्यानं कागद आला. माणसाच्या अंगात म्हणे गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात, आणि त्यातल्या बावीस नंबरात मायाप्पाचा एक बारका तुकडा जन्मापासनंच नाही. काळजाला भोक होतं ते त्यामुळं. टाळू चिरलेली होती ती त्यामुळं. बोलणं नाकातनं येतं तेही त्यामुळं, आणि आता ह्या हाका पण त्यामुळंच. असल्या चार माणसांत एकाला तरणेपणी असं होतं, असं मॅडम म्हणाल्या.

मला हे पटत नाही. चांदी वितळवताना घट येते ती मी रोज बघतो. गेलं ते गेलं, ते गप असतं. जो तुकडा नाहीच, तो हाका कसा मारंल?

गोळ्या चालू झाल्यापासनं मायाप्पा दिवसभर झोपतो. तोंडातनं लाळ गळते. परवा आबा फोनवर म्हणाले, "बिरू, पोरगं मेंढरागत मुकं झालं रं." मी म्हणालो, "मग आबा, तात्यांचं बी थोडं ऐका की." एवढंच म्हणालो. ह्याला फूस म्हणतात का?

१२ फेब्रुवारी

शेजारच्या भट्टीवर राजरत्न आहे, कुंडलचा. ह्या धंद्यात आमच्याकडची पोरं सगळ्या मुलखात पसरलीत, कुठंही जा, विट्या-आटपाडीचा माणूस सापडतोच. पण कुंडलचा भेटला तेव्हा मला पहिल्याच दिवशी घरचं माणूस भेटल्यागत झालं. त्याला म्हणालो, तुमच्या गावात मी मोठा झालो. तो म्हणाला, "म्हंजे आमचा भुईमूग खाल्ला ती मेंढरं तुमची."

आमचीच असणार. दिवाळी झाली की आमच्या माळावर गवताची काडी राहायची नाही. आबा मेंढरं घेऊन निघायचे. घोडीवर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या, आणि एका अंगाच्या झोळीत मायाप्पा. त्याच्या काळजाचं ऑपरेशन झालेलं, त्याला चालायचं नाही असं सांगितलेलं. झोळीतनं नुसतं डोकं बाहेर काढून बसायचा आणि वाटेनं येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करायचा.

असं फिरत फिरत पाटणच्या अंगाला जाऊन शिमग्याच्या सुमाराला आम्ही कुंडलला यायचो. हिंदुरावकाकांच्या रानातला ऊस तुटलेला असायचा. रोज एका तुकड्यात वाघर, म्हणजे जाळी, लावून मेंढरं बसवायची. लेंड्यांचं खत त्यांना, त्याच्या बदली जोंधळा आणि गूळ आम्हाला. शिमग्याला काकू पुरणपोळ्या पाठवायच्या, दुरडी भरून, वर फडकं. मायाप्पाला पोळी दुधात कुस्करून द्यावी लागायची, तरी थोडं नाकातनं परत यायचं. आई म्हणायची, "कायबी हुत न्हाई, बिरूचं बी तसंच व्हायचं न्हानपणी, आता बघ कसा खातोय."

घरी असो नाहीतर वाटेवर, मी समोरच्या टेकडीवर मेंढरं घेऊन जायचो आणि तिथनं हाक मारायचो, मायाप्पाऽऽ. त्याचा आवाज पोचायचा नाही. शीळ घालायला गेला तर वारा सगळा नाकातनं जायचा. म्हणून आबांनी बोकडाच्या गळ्यातली घाटी सोडून त्याच्या हातात दिली. एकदा वाजवली म्हणजे मी इथं आहे. दोनदा वाजवली म्हणजे ये.

दहा वर्षं झाली मेंढरं विकून. आबांनी डाळिंब लावलं. मी तवापासनं चार गावं फिरलो, कोइमतूर, मदुरै, नेल्लोर आणि आता हे. एका जागी बसवत नाही मला. घाटी मात्र अजून घरात खुंटीला आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज मायाप्पा फोनवर आला. आईनं लावून दिला. आधी नुसता श्वास ऐकू आला. मग म्हणाला,

"दादा, काल तू हाक मारलीस ना?"

"कवा?"

"सांजच्याला. टेकडीवरनं. मी घाटी वाजवली. तुला ऐकू आली?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. तो परत म्हणाला, "आली का न्हाई ऐकू?"

मी म्हणालो, "व्हय, आली की."

"म्हंजे तूच मारलीस."

"मीच."

तो हसला. खळखळून. किती महिन्यांनी हसला. म्हणाला, "मी ह्यास्नी सांगतोय, दादा हाय, दादा हाय, तर सोनम म्हणती न्हाई."

"तिला काय कळतंय."

"मग मला गोळी नको?"

"एखादं दिवस न्हाई घेतली तर काय होतंय. पण तिला सांगू नको, बोंबलत बसंल."

परत हसला. मग आपणच म्हणाला, शिमगा जवळ आला. मी म्हणालो, आला की.

आज जेवण गोड लागलं. बाकी कुणाला नाही, त्याला माझीच हाक ऐकू येते. इतक्या लांबनं. राजरत्नला हे सांगावं वाटलं, पण नाही सांगितलं.

४ मार्च

आबांचा फोन. यात्रेला मायाप्पाला भाकणुकीला बसवायचं ठरलं. पाडव्यानंतर आमच्या बिरोबाची यात्रा असते. देवापुढं बसून पुढच्या सालाचं पाऊसपाणी, रोगराई, बाजारभाव सांगायचा, ह्याला भाकणूक म्हणतात. आजवर तात्या सांगायचे. आता तात्या म्हणतात, देवानं नवा माणूस निवडला.

मागनं तात्यांचा आवाज आला, "सेलमची चांदी एकदा गावच्या देवाला बी दिसू दे म्हणावं."

मी अकरा हजार देतो म्हणालो. बोकडाला आणि मंडपाला. बोलून गेलो, पण खोटं नाही लिहीत, मला बरं वाटलं. ज्या गावच्या शाळेत त्याला गेंगण्या म्हणायचे, मला पण म्हणायचे, ते सगळं गाव हात जोडून त्याच्या पुढं बसणार. तो बोलणार आणि सगळे मान हलवणार.

अर्ध्या तासात सोनमचा फोन. सांगलीहून.

"अकरा हजार देतोस म्हणं. मागच्या म्हैन्यात गोळ्यास्नी दोन मागितलं तर शेठ उचल देईना म्हणलास."

"ती देवाची गोष्ट हाय."

"दादा, तू त्याला बघितलंयस का दिवाळीपासनं? परवा मी घरी गेल्ते. ताटावरनं उठून जातोय. अंधारात टेकडीकडं बघत बसतोय. माझ्याशी बोलताना मधीच गप म्हणतोय, मला, हाताची खूण करून. आणि आठ-दहा दिवस झालं, जादाच झालंय."

मी म्हणालो, गोळ्या घेतोय का बघ.

"घेतोय म्हणतोय. आन् हे बघ, मॅडमनी सांगितलंय, हाक आली म्हणला तर भांडू नका. आणि हो ला हो बी करू नका. मला ऐकू येत न्हाई, पण तुला येती म्हंजे तुला जड जात आसंल, एवढं म्हणायचं आन् त्याच्यापाशी बसायचं. ऐकतोयस का? का रं गप?"

मी म्हणालो रेंज नाही, आणि ठेवला.

१० मार्च

मायाप्पा घरातनं निघून गेला. सकाळी अंथरुणात नव्हता. चप्पल नाही. मोबाईल तर त्याच्याकडं नसतोच. आबा विहिरी बघत फिरतायत. उशीत गोळ्या सापडल्या, पंधरा दिवसांच्या, एकही घेतलेली नाही.

शेठनी सुट्टी दिली नाही असं लिहिणार होतो. मी मागितलीच नाही. गेलो तरी पोचायला दीड दिवस लागतो आणि जाऊन तोंड काय दाखवू.

११ मार्च

तात्यांनी दोन गाड्या आरेवाडीच्या मोठ्या बिरोबाच्या वाटेनं पाठवल्या. देवानं बोलावलंय म्हणजे देवाकडंच जाणार, असं त्यांचं म्हणणं. सोनमनं ठाण्यात जाऊन फोटो दिला.

सकाळपासनं माझ्या डोक्यात एकच होतं. परवा शिमगा. शिमग्याला आम्ही कुठं असायचो? दुपारी मूस हातात धरून उभा होतो, लांब बोटांचा म्हणून चिमटा नेहमी माझ्याकडंच देतात, तर तेवढ्यात भट्टीच्या आवाजात घाटी वाजल्यागत झालं. राजरत्नला विचारलं, तुला ऐकू आली का. तो म्हणाला, "कसली घाटी? पंखा हाय त्यो. बस खाली, पाणी पी."

बसलो आणि सोनमला फोन लावला.

"खुंटीला घाटी हाय का बघायला सांग."

"घाटीचं काय मधीच?"

"सांग म्हणतो ना."

पाच मिनिटांनी तिचा फोन आला. घाटी नाही.

"मग त्यो कुंडलला गेलाय. हिंदुरावकाकांच्या रानात. आरेवाडीच्या गाड्या परत बोलवा."

"कशावरनं? तात्या ऐकणार हायत का तुझं? काय सांगू मी त्यास्नी?"

मला सांगावं लागलं. म्हणालो, "मी त्याला म्हणलो, हाक मीच मारतो म्हणून."

"कवा?"

"पंधरा दिवस झालं. आणि गोळी एखादं दिवस नको घेऊस म्हणलो."

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं." नुसतं बरं. लहानपणी मी तिची पाटी फोडली तेव्हा तिनं गाव गोळा केलं होतं. आज शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

राजरत्नला सगळं सांगितलं. त्यानं तिथंच आपल्या आईला, आक्काताईंना फोन लावला. "आये, हिंदुरावांच्या रानाकडं कुणाला तरी लाव. आमच्या भुईमुगाचा चोर येणार हाय, बारकं पोरगं हाय, नाकात बोलतंय. दिसलं तर आधी जेवाय घाल." माझ्याकडं न बघताच बोलत होता.

१२ मार्च

अजून नाही.

विटा ते कुंडल वाट आठवत बसलो. कुठल्या ओढ्याला पाणी असायचं, कुठल्या वस्तीवरची कुत्री मोकळी असायची. मला सगळं आठवतं. पण त्याला कसं आठवणार, तो तर झोळीत असायचा. मग आठवलं, झोळीतनं तो सारखं बाहेरच बघायचा.

१३ मार्च, शिमगा

सापडला.

आज सकाळी आक्काताई दोन बायकांना घेऊन गेल्या, तर हिंदुरावकाका आधीच त्याच्यापाशी बसलेले. काकांचा आवाज दहा वर्षांनी ऐकला. तसाच खरखरीत.

"आरं बिरू, पहाटं बागंत घाटी वाजाय लागली. मी म्हणलं कुणाचं बकरू चुकलं. काठी घिऊन गेलो तर आकारामचं, तुझ्या बाचं बारकं. बोलण्यावरनं वळीखलं मी."

"कसा हाय काका?"

"पायाची सालटी गेल्यात. बाकी बरा हाय. पर त्यो मला इचारतोय, मेंढरं कुठं बसवलीसा म्हणून. आता तिथं रान कुठं ऱ्हायलंय रं. समदी द्राक्षं. त्या तारंखालनं वाकून वाकून हिकडनं तिकडं फिरतोय आन् वाजवतोय. दोनदा वाजवतोय, थांबतोय, कान देतोय, परत दोनदा. काय सांगू मी त्याला?"

दोनदा म्हणजे ये.

काकूंनी पोळी दुधात कुस्करून दिली. त्यांच्या ध्यानात होतं. खाल्ली म्हणाले. सोनम आणि आबा दुपारी पोचले आणि तिथनंच त्याला सांगलीला नेलं.

२३ मार्च, रविवार

दहा दिवस दवाखान्यात होता. काल सोडलं. रक्तातलं कॅल्शियम लय कमी झालं होतं, असल्यांना ते पण होतं म्हणे, त्यानं घाबरटपणा आणखी वाढतो. गोळी बदलली. आता लाळ गळत नाही. हाक अजून येते, पण लांबनं येते, असं तो स्वतःच मॅडमना म्हणाला. पूर्ण जाईल का, तर त्या म्हणाल्या, सांगता येत नाही, पण गोळी सोडली तर नक्की जवळ येईल.

आबा दहाही दिवस तिथंच व्हरांड्यात झोपले. फोनवर हळू आवाजात सांगत होते, "म्या इचारलं त्यास्नी, बाई, मग हे देवाचं न्हवं का. तर त्या म्हणल्या, बाबा, देवाचं देवाला असू द्या, पर हे गोळीचं गोळीला द्या. यात्रंला न्या, भंडारा लावा, जेवाय बसवा. भाकणुकीला तेवढं बसवू नका. हजार माणसं कान लावून बसली की त्या हाकंला जोर चढतोय." मग म्हणाले, "पटलं मला. तात्या बोलंना झालाय, बोलंल."

मी माझी चूक आबांना सांगितली नव्हती. आता सांगू का म्हणून सोनमला विचारलं. ती म्हणाली, "मी बी न्हाई सांगितली. तू मायाप्पाला सांग. आबास्नी नको. त्याला सांग."

आणि एक नवीनच काढलं तिनं. मॅडमनी विचारलं म्हणे, घरात आणखी कुणाचं बोलणं असं आहे का, लहानपणी दूध नाकातनं यायचं का, शाळा जड गेली का. सोनमनं माझं नाव सांगितलं. आता माझं रक्त पाहिजे. माझं काय मधीच? मी कमावून खातो. शाळा मला गणितामुळं सुटली, आणि इथं वजनाचा हिशोब शेठ करतात म्हणून काही अडत नाही. मे महिन्यात आलो की देतो म्हणालो. सुईला कोण भितंय.

३० मार्च, पाडवा

सात दिवस पुढं ढकललं. आज दुकान बंद. राजरत्न म्हणाला, "मी बाहेर जातो, तू बोल," आणि गुढीची साखर तोंडात टाकून गेला. गुढी कसली, काठीला सेलमचाच टॉवेल.

व्हिडिओ लावला. मायाप्पा ओसरीवर बसलेला, तोंड जरा सुजलेलं, केस विंचरलेले. पायाला अजून पट्टी. सोनम बाजूला बसली होती, पण ती दिसत नव्हती, नुसता तिचा हात दिसत होता, फोन धरलेला.

"मायाप्पा, एक सांगायचं हाय."

"सांग की."

"ती टेकडीवरची हाक माझी नव्हती."

तो माझ्याकडं बघतच राहिला. "तू तर म्हणलास मीच."

"खोटं बोललो. तुला बरं वाटावं म्हणून. मलाबी बरं वाटलं. मी सेलमला हाय गड्या, हितनं हाक पोचत न्हाई."

"मग घाटी ऐकू आली म्हणलास ते?"

"तेबी खोटं."

तो खाली बघायला लागला. पट्टीचा धागा ओढत बसला. मला वाटलं आता फोन देऊन उठणार. मग म्हणाला, "तुझ्यासारखीच हाय ती. अगदी तशीच, मायाप्पाऽऽ. मग कुणाची हाय?"

"मला ठावं न्हाई. मला ऐकू येत न्हाई ती. तुला येती, तुला किती जड जात आसंल."

"जड न्हाई जात. चांगली वाटती." पट्टी सोडून त्यानं वर बघितलं. "पर कुंडलला तू नव्हतास."

"नव्हतो."

"लय वाजवली मी."

"काकांनी सांगितलं."

सोनमचा अंगठा फोनच्या कडेवर हलला. मी म्हणालो, "हे बघ, आता असं करू. माझी हाक म्हंजे फोनवरची. रोज सांजच्याला, सात वाजता, दुकान बंद झालं की. फोन वाजला की मी. टेकडीवरनं आली तर ती माझी न्हाई, तिच्यासाठनं उठायचं न्हाई. सोनमला नायतर आईला जाऊन सांगायचं, आली म्हणून."

"सात वाजता?"

"सात."

"दाखव की मग मारून."

मी खोलीत एकटाच होतो. शेजारी तमिळ कुटुंब राहतं. तरी मारली, टेकडीवरनं मारायचो तशी, तोंडाला दोन्ही हात लावून, मायाप्पाऽऽ. शेजारचं कुणीतरी दारात येऊन बघून गेलं.

तो फोनमधनं दिसेनासा झाला. सोनम म्हणाली थांब. मग खुंटीकडनं आवाज आला. एकदाच वाजवली.

सोनमनं फोन तिच्याकडं फिरवला. डोळे लाल होते, पण बोलली तिच्या नेहमीच्याच सुरात, "गोळ्या परवा संपत्यात. आणि ते अकरा हजार तात्यास्नी तू कबूल केलंयस, त्याचं बघ काय ते."

आबांच्या खात्यावर यात्रेची वर्गणी टाकली, पाचशे एक. बाकीचे सोनमच्या नंबरवर. दहा हजार चारशे नव्व्याण्णव.